रूट ५० वरची पाटी आणि वादळातली लढाई

प्रश्न : नमस्कार, मी मूळची नाशिकची, आता व्हर्जिनियात फेअरफॅक्सला राहते. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला ऑक्स हिलच्या लढाईची पाटी आहे, १ सप्टेंबर १८६२. गाडीतून दोन ओळी वाचेपर्यंत सिग्नल सुटतो. मुलगी विचारते, इथे तर नुसती दुकानं आणि अपार्टमेंट, मग लढाई झाली कुठे? आणि एवढ्याशा लढाईला पाटी कशाला?
– एक वाचक

उत्तर : ताई, मुलीला सांगा की त्या दुकानांच्या जागीच झाली. तिथे तेव्हा मक्याची शेतं आणि झाडी होती. अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसांत लढत होती, ते यादवी युद्ध चालू होतं. दोनच दिवस आधी व्हर्जिनियातल्याच मनॅससला उत्तरेच्या जनरल पोपचा सपाटून पराभव झालेला, त्याची फौज आत्ताच्या रूट २९ ने वॉशिंग्टनकडे माघारी निघालेली, आणि दक्षिणेचा सेनापती ली याने आपल्या स्टोनवॉल जॅक्सन या जनरलला वरच्या रस्त्याने, म्हणजे तुमच्या रूट ५० ने, पुढे जाऊन तिची वाट अडवायला पाठवलं. जॅक्सनला थोपवायला उत्तरेचे सहाएक हजार सैनिक, समोर दुपटीहून जास्त. त्यात संध्याकाळच्या सुमाराला असलं वादळ आलं की बंदुकीची दारू भिजली, मग काही ठिकाणी संगिनी आणि बंदुकीच्या दस्त्यांनीच मारामारी.

उत्तरेच्या जनरल आयझॅक स्टीव्हन्सने पडलेला झेंडा स्वतः उचलला आणि पुढे धावताना डोक्यात गोळी लागून तो तिथेच गेला. त्याचा मुलगा हॅझर्ड त्याच लढाईत जखमी झाला (हाच पुढे १८७० मध्ये माउंट रेनियरच्या शिखरावर चढला). थोड्या वेळाने उत्तरेचाच जनरल फिलिप कर्नी, ज्याचा डावा हात आधीच मेक्सिकोच्या युद्धात गेलेला, पावसाच्या अंधारात घोड्यावरून चुकून थेट शत्रूच्या रांगेत शिरला आणि मारला गेला. लीने त्याचं शव पांढऱ्या निशाणाखाली सन्मानाने परत पाठवलं. अंधार पडला, लढाई थांबली, जिंकलं कुणीच नाही. पण पोपची फौज सुखरूप वॉशिंग्टनला पोचली, ते या दोन-अडीच तासांमुळे. ती वाटेत अडकली असती तर? म्हणून छोटी असली तरी पाटी हवीच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. १९१५ मध्ये या दोन्ही जनरलांसाठी तिथे दगडी स्मारकं उभी राहिली, आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा दिला तो बॅलर्ड नावाच्या शेतकऱ्याने, जो स्वतः दक्षिणेच्या बाजूने लढलेला होता! समोरच्या बाजूच्या माणसांसाठी आपलं शेत द्यायला मन किती मोठं लागत असेल. पुढे १९८० च्या दशकात बाकीचं जवळपास सगळं रणांगण बिल्डिंगांखाली गेलं आणि त्याने लोक इतके हळहळले की १९८७ मध्ये यादवी युद्धाची रणांगणं वाचवायला त्यांनी संघटनाच काढली, त्यातूनच आजची अमेरिकन बॅटलफिल्ड ट्रस्ट उभी राहिली, म्हणजे ही जागा गेली पण तिच्यामुळे दुसऱ्या कितीतरी वाचल्या. पाचेक एकर उरलंय, वेस्ट ऑक्स रोड आणि मॉन्युमेंट ड्राइव्हच्या कोपऱ्यावर काउंटीचं पार्क आहे, मुलीला नक्की न्या. कर्नीचा घोड्यावरचा पुतळा आर्लिंग्टनच्या दफनभूमीत आहे, तोही दाखवा.

पाटीबद्दल म्हणाल तर व्हर्जिनियाने अशा पाट्या १९२७ पासून लावल्यात, आता अडीच हजारांहून जास्त आहेत. मोटारीतून जाणाऱ्यांना वाचता यावं म्हणून मजकूर थोडाच असतो, त्यामुळे स्टीव्हन्स नि कर्नीचं सगळं त्यात मावणार कसं? पाटीच्या वरचा अक्षर आणि आकड्याचा कोड मुळात कुठल्या रस्त्यावरची पाटी ते सांगायला होता.

आणि हो, मुलीला हेही सांगा की या युद्धाशी आपलंही नातं आहे. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तो मुंबईहून जायला लागला आणि मुंबईत पैशाचा नुसता पूर आला, बॅक बेचा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअर्सवर लोक तुटून पडले. १८६५ ला तिकडे युद्ध संपलं, इकडे भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यासारखे बडे लोकसुद्धा बुडाले.