नेटवर्क व्यवस्थापन शिकताना आधी काउंटर ओळखा

पदव्युत्तर वर्गात नेटवर्क व्यवस्थापन हा विषय घेण्याचे तुम्ही ठरवले आहे, तेव्हा बडोद्यात हेच काम बरीच वर्षे करत आलेला माणूस म्हणून सांगतो, की प्रोटोकॉलची नावे पाठ करण्याआधी आकडे कुठून येतात ते समजून घ्या. मकरपुऱ्यातील एका कारखान्यात मी १ गिगाबिटच्या लिंकवरील वाहतुकीचा आलेख दर ५ मिनिटांच्या नोंदींवरून काढत असे, आणि भर दुपारी लोक तक्रारी करत असताना तो मात्र निवांत दिसे. चूक माझीच होती. एसएनएमपी म्हणजे नेटवर्कमधील उपकरणांचे आकडे दुरून वाचण्याचा प्रोटोकॉल; त्यातला, लिंकवरून गेलेले बाइट मोजणारा ३२ बिटांचा काउंटर लिंक पूर्ण वेगाने चालत असताना सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे दोन नोंदींच्या मधे तो आठ वेळा फिरून गेला तरी पत्ता लागत नाही. त्यासाठी ६४ बिटांचा काउंटर वाचावा लागतो, आणि एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत तो मिळतच नाही.

एसएनएमपीची तिसरी आवृत्ती सुरक्षेसाठी शिकावीच लागेल, पण अधिक वेळ नेटकॉन्फ (उपकरणांची मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, दुरून बदलण्याचा प्रोटोकॉल) आणि यांग (त्या मांडणीचे वर्णन करण्याची भाषा) यांना द्या, असे माझे मत आहे. नेटकॉन्फमधील ‘कन्फर्म्ड कमिट’ स्वतः करून पाहा: बदल लागू करायचा आणि नंतर त्याला पुष्टी द्यायची नाही, मुदत न बदलल्यास ६०० सेकंदांनी राउटर आपोआप जुन्या मांडणीवर परततो. लॅपटॉपवरील दोन आभासी राउटर या प्रयोगाला पुरतात (महागडे स्विच घेण्याच्या भरीस पडू नका).