जपान-कोरियाची रेषा खाली आली, पण का आली?

अरे बाळा,

मेल मिळाला, ग्राफही बघितले. जपान आणि दक्षिण कोरिया, शेजारी-शेजारी देश, पोटाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, दोन रंगांच्या दोन रेषा, दोन्ही खाली येतायत आणि कोरियाची जरा जास्तच जोरात येतेय. ग्राफ मस्त झालाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ग्राफखाली तू जे एक वाक्य टाकलंयस ना, की कोरियात १९९९ ला सरकारी स्क्रीनिंग (म्हणजे त्रास नसतानाच लोकांची तपासणी) सुरू झालं आणि त्यामुळे मृत्यू कमी झाले, त्या वाक्यामुळे मी आज हे एवढं लांबलचक लिहायला बसलेय, चहा गार होतोय तो होऊ दे.

आधी १९९९ चंच बघू. जॉइनपॉइंटने, म्हणजे रेषेचा उतार कुठे बदलतो ते शोधणाऱ्या त्या सॉफ्टवेअरने, तुला तिथे एक मोड दाखवला आणि तुला तेच वर्ष कोरियाच्या स्क्रीनिंग प्रोग्रामच्या माहितीत सापडलं, मग दोन्ही जोडायचा मोह होणारच. पण १९९९ ला तो प्रोग्राम कुणासाठी होता ते वाचलंस का? फक्त मेडिकल एड वाल्यांसाठी, म्हणजे तिथल्या सगळ्यात गरीब लोकांसाठी. पुढच्या काही वर्षांत तो कमी उत्पन्नाच्या विमाधारकांपर्यंत गेला, मग हळूहळू चाळिशीपुढच्या सगळ्यांसाठी दर दोन वर्षांनी. सुरुवातीच्या वर्षांत तर बोलावलेल्यांपैकी फार थोडे लोक जायचे. आता तूच सांग, मूठभर लोकांची तपासणी ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी अख्ख्या देशाचा मृत्युदर कसा वळेल? तपासणीत सापडलेला लहान कॅन्सर, जो नाही सापडला तर माणूस आणखी काही वर्षांनी गेला असता, त्याचा फायदा आकड्यात दिसायलाही तेवढीच वर्षं लागतात ना. आणि मुख्य म्हणजे कोरियाची रेषा १९९० च्या दशकातच उतरायला लागली होती. तुझ्याच ग्राफमध्ये आहे ते, नीट बघ.

याचा अर्थ स्क्रीनिंगने काही झालं नाही असा घेऊ नकोस, लगेच दुसऱ्या टोकाला जाशील. २०१७ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी पोटाच्या कॅन्सरने गेलेली माणसं आणि त्यांच्याशी जुळणारी जिवंत माणसं यांची तुलना केली होती, तपासणी कुणाची झाली होती आणि कुणाची नाही अशी. एंडोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी पोटात घालून तपासणी) झालेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता ४७ टक्क्यांनी कमी निघाली आणि बेरियम पिऊन एक्सरे काढलेल्यांमध्ये जवळपास काहीच फरक नाही. हा मोठा पुरावा आहे, जरी स्वतःहून तपासायला जाणारी माणसं मुळातच तब्येतीची जास्त काळजी घेणारी असतात हे धरलं तरी. म्हणजे स्क्रीनिंगचं श्रेय आहेच, पण २००० नंतरच्या उताराच्या एका भागाचं, आणि तो भाग किती हे तुझ्या दोन रेषांवरून कळत नाही.

मृत्युदर दोन वाटांनी कमी होतो. एकतर आजार होणारेच कमी होतात, किंवा आजार झालेल्यांपैकी मरणारे कमी होतात. मृत्यूची रेषा एकटी बघून या दोन वाटा वेगळ्या करताच येत नाहीत, आणि जपान-कोरिया ही जोडी अभ्यासाला इतकी भारी आहे ती नेमकी यामुळेच, दोघांचा उतार सारखा दिसतो पण आतलं मिश्रण वेगळं आहे. कोरियात १९९९ पासून देशभराची कॅन्सर आकडेवारी आहे, त्यात नव्या केसेसचा दर २०११ च्या आसपासपर्यंत फारसा हललाच नाही, आणि त्याच काळात मृत्यूची रेषा मात्र धाडकन खाली. म्हणजे तिथे वाचणारे वाढले. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १९९० च्या दशकाच्या मध्यात ४४ टक्क्यांच्या आसपास होतं, ते आता ७८ च्या आसपास आहे. जपानमध्ये मात्र उतार १९६० च्या दशकातच सुरू झाला. बेरियमच्या एक्सरे गाड्या जपानच्या उत्तरेकडच्या मियागी भागात १९६० च्या सुमारास फिरायला लागल्या होत्या खऱ्या, पण वयस्करांच्या आरोग्याच्या कायद्याखाली देशभर तपासणी आली ती १९८३ ला, तोवर रेषा कितीतरी खाली आली होती.

मग ती कुणी आणली? इथे तुला जरा मागे जावं लागेल, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो म्हणून थोडं रेंगाळते.

हेलिकोबॅक्टर पायलोरी, पोटात राहणारा जंतू, तुला माहितीच आहे, पर्थच्या वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ मध्ये तो वाढवून दाखवला, २००५ चं नोबेल, मार्शलने स्वतः तो पिऊन बघितला वगैरे वगैरे. १९९४ ला आयएआरसीने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, त्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांत. २००१ मध्ये जपानचा एक अभ्यास आला, १५२६ पेशंट, सरासरी ७.८ वर्षं पाहिले, इन्फेक्शन असलेल्यांपैकी ३६ जणांना पोटाचा कॅन्सर झाला आणि नसलेल्यांपैकी एकालाही नाही. पण तुझ्या कामासाठी महत्त्वाचं काय, तर हा जंतू लागतो तो बहुतेक लहानपणीच. पाणी, दाटीवाटीचं घर, आईबापाकडून, भावंडांकडून. म्हणजे १९९० ला सत्तराव्या वर्षी ओसाकात गेलेल्या माणसाच्या मृत्यूचं मूळ १९२० च्या दशकातल्या त्याच्या घरात आणि पाण्यात असू शकतं. जपानमध्ये १९४० च्या आसपास जन्मलेल्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त लोकांत हा जंतू सापडतो, १९९० च्या आसपास जन्मलेल्यांत साधारण १५ टक्के. कोरियात १९९८ ला मोठ्या माणसांपैकी दोन तृतीयांश, आणि २०१६ पर्यंत निम्म्याच्या खाली. त्यामुळे मृत्यूच्या वर्षाकडे बघून त्याच वर्षीच्या आरोग्यमंत्र्याला श्रेय देणं म्हणजे दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून आत्ताच्या पहिलीच्या बाईंचा सत्कार करण्यासारखं आहे.

त्यात मीठ आलं. खारवलेले मासे, मिसो, किमची, लोणच्यासारखे टिकाऊ प्रकार, आणि मग फ्रीज आला. जपानमध्ये तो १९६० च्या दशकात घरोघरी पोचला, कोरियात त्यानंतर. ताज्या भाज्या, फळं बारा महिने मिळायला लागली, खारवायची गरज कमी झाली. जपानच्या आत बघ ना, उत्तरेला अकिता, जिथलं खाणं खारटपणासाठी प्रसिद्ध, तिथे पोटाच्या कॅन्सरचे मृत्यू देशात सगळ्यात वरच्या फळीत, आणि दक्षिणेला ओकिनावा सगळ्यात खाली, तिथल्या जंतूची जातही जरा वेगळी. देश एकच, स्क्रीनिंगचे नियम एकच, तरी एवढी तफावत. आणि हवाई, कॅलिफोर्नियाला गेलेले जपानी? १९६८ आणि १९७२ मध्ये हेन्झेल या संशोधकाने आणि मंडळींनी ते तपासलं. जपानमध्ये जन्मून तिकडे गेलेली पिढी बऱ्यापैकी जुनाच धोका घेऊन गेली, तिकडेच जन्मलेल्या मुलांचा धोका मात्र कमी झाला. रक्त तेच होतं, लहानपण फक्त दुसऱ्या देशात गेलं.

म्हणून तू कॅलेंडरच्या वर्षांवर काढलेली रेषा जन्मवर्षावर काढून बघ. प्रत्येक जन्मगटाची वेगळी रेषा. मग कळेल किती उतार पिढीचा आहे आणि किती काळाचा. वय, काळ आणि पिढी यांचा परिणाम वेगवेगळा काढू बघणाऱ्या वय-काळ-पिढी मॉडेलच्या नादी लगेच लागू नकोस, तिन्ही एकमेकांत अडकलेले असतात आणि सॉफ्टवेअर काहीतरी उत्तर देतंच. आधी नुसतं डोळ्यांनी बघ.

आता आकड्यांबद्दल. तू एका ठिकाणी लिहिलंयस की जपानमध्ये कितीतरी वर्षं प्रगतीच झाली नाही कारण वर्षाला ५० हजारच्या आगेमागे मृत्यू होतच राहिले. आकडा बरोबर आहे, १९७० च्या दशकापासून २०१० च्या पुढेपर्यंत तो तिथेच घुटमळत होता, आता ४० हजारच्या आसपास आलाय. पण १९७० ला जपानमध्ये ६५ च्या पुढचे लोक होते ७ टक्के, आता आहेत २९. म्हाताऱ्यांचं प्रमाण चौपट झालं आणि म्हाताऱ्यांच्या या आजाराचे मृत्यू तिथेच थांबले, तर दर किती पडला असेल विचार कर. एज-स्टँडर्डाइज्ड रेट, म्हणजे वयाची रचना सगळीकडे एकच धरून काढलेला दर, आपण त्यासाठीच काढतो. गंमत म्हणजे ज्या वर्ल्ड स्टँडर्ड लोकसंख्येवर (ठरवून घेतलेली वयाची रचना) तू हे दर काढलेस ती मांडणारा माणूस जपानीच, सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले मित्सुओ सेगी, १९६० मध्ये. देशादेशांतल्या कॅन्सरच्या मृत्यूंची तुलना करताना त्यांना ती लागली, मग १९६६ ला डॉल आणि मंडळींनी त्यात थोडा बदल केला. आणि इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नकोस: जपानचे सरकारी तक्ते त्यांच्या १९८५ च्या किंवा आता २०१५ च्या नमुना लोकसंख्येवर असतात, कोरियाचे बरेचसे त्यांच्या स्वतःच्या कोरियन लोकसंख्येवर. दोन देशांचे तयार दर उचलून शेजारी ठेवलेस तर सगळंच चुकलं. कच्चे मृत्यू घे, वयोगटाप्रमाणे लोकसंख्या घे, स्वतः काढ.

दुसरा मोह म्हणजे मृत्यू भागिले नव्या केसेस. २०१९ च्या सुमारास कोरियात वर्षाला ३० हजारच्या आसपास नवे पेशंट आणि सात-साडेसात हजार मृत्यू, जपानमध्ये सव्वा लाखाच्या आसपास नवे आणि ४० हजारच्या वर मृत्यू. भागाकार केलास की कोरिया एक चतुर्थांश, जपान एक तृतीयांश, आणि लगेच कोरियातले सर्जन भारी असं लिहून मोकळा होशील. अरे, जपानचा पेशंट कितीतरी म्हातारा आहे, ऐंशीच्या पुढचे ढीगभर. शिवाय जपानमध्ये देशभराची सक्तीची कॅन्सर नोंदणी २०१६ ला सुरू झाली, त्याआधीचे आकडे काही प्रीफेक्चरच्या (जपानमधले जिल्ह्यासारखे प्रांत) नोंदींवरून काढलेले अंदाज, म्हणून २०१६ ला केसेस वाढलेल्या दिसल्या तर दचकू नकोस. आणि जे जपानी पॅथॉलॉजिस्ट अगदी सुरुवातीचा कॅन्सर म्हणतात त्यातलं बरंचसं युरोपातला पॅथॉलॉजिस्ट डिस्प्लेशिया, म्हणजे पेशी बिघडल्यात पण अजून कॅन्सर नाही, म्हणून सोडून द्यायचा, त्यावर १९९० च्या दशकात भांडणं झालीत. म्हणून तर मी म्हणते मृत्यू हा जास्त भरवशाचा आकडा. डेथ सर्टिफिकेटवर कॅन्सर लिहिला असेल तर, अर्थात. कोरियाच्या १९८० च्या दशकात बरेच मृत्यू डॉक्टरच्या सहीशिवाय नोंदले जायचे आणि कारण म्हणून म्हातारपण किंवा असंच काहीतरी मोघम. ते जसजसे कमी झाले तसतसे खऱ्या कारणांचे आकडे वाढले असणार, म्हणजे सुरुवातीचा उतार आपल्याला दिसतो त्यापेक्षा जास्तही असू शकतो.

आता जपानचं २०१३. त्या वर्षी फेब्रुवारीत पायलोरीमुळे होणाऱ्या गॅस्ट्रायटिसचे (पोटाच्या आतल्या सुजेचे) उपचार सरकारी विम्यात आले आणि त्याच सुमारापासून मृत्यूंचा कच्चा आकडाही उतरायला लागला. बऱ्याच जणांनी दोन्ही जोडलं. थोडं खरं असेलही, पण यंत्रणा बघ: विम्यातून औषध मिळवायचं तर आधी एंडोस्कोपी करावी लागायची, म्हणजे लाखो लोकांच्या पोटात नळी गेली आणि लपलेले कॅन्सरही सापडले. त्याच काळात सगळ्यात जास्त जंतू असलेल्या पिढ्या संपत चालल्या होत्या. तीन गोष्टी एकाच वेळी. चीनच्या शानडोंगमधल्या लिंकू काउंटीत खेड्याखेड्यांत वाटप करून जंतू मारायचा मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२४ ला आला, ९८० गावं, १ लाख ८० हजारावर माणसं, जवळपास १२ वर्षं, आणि नव्या केसेस कमी झाल्या त्या १४ टक्क्यांनी. एवढ्या वर्षांनी एवढं. मग जपानमध्ये दोन-तीन वर्षांत औषधाने एवढा चमत्कार केला असं लिहिताना हात थांबायला हवा.

मंगोलिया आणि उत्तर कोरिया घेऊ का असं विचारलं होतंस. मंगोलिया घे, पण वेगळ्या परिच्छेदात, तिथे दर जगात सगळ्यात वरच्यांपैकी आहेत आणि पेशंट उशिरा येतात. उत्तर कोरिया नको, तिथली रेषा म्हणजे मॉडेलचा अंदाज, तोही शेजारच्या देशांचे आकडे वापरूनच केलेला, मग त्याची शेजाऱ्यांशी तुलना करून काय सिद्ध होणार?

आणि भारत-बांगलादेश-श्रीलंका का नको हेही त्याच कारणाने. आपल्याकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहिलेले जेमतेम पाचवा हिस्सा किंवा थोडे जास्त. आपल्याकडे कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीज आहेत, मुंबईची १९६३ पासून, बार्शीची ग्रामीण १९८७ पासून, फार मोलाच्या, पण त्या ठराविक भागाच्या. मिझोरमचे दर एवढे जास्त आणि महाराष्ट्राचे एवढे कमी, जंतू मात्र सगळीकडे भरपूर, हा प्रश्न स्वतंत्र पीएचडीचा आहे. तुझ्या डिस्कशनमध्ये शेवटच्या ओळीत तो चिकटवू नकोस, प्लीज.

तर आता काम. डब्ल्यूएचओच्या मॉर्टॅलिटी डेटाबेसमधून दोन्ही देशांचे कच्चे मृत्यू काढ, आजारांच्या जागतिक यादीतला पोटाच्या कॅन्सरचा कोड जुन्या वर्षांना १५१, नंतर सी१६. पाच-पाच वर्षांचे वयोगट, पुरुष-बायका वेगळे. शेजारच्या कॉलममध्ये त्याच वर्षाचे मोघम कारणाचे मृत्यू किती टक्के ते टाक, हा कॉलम आधी भर, कारण कोरियाची कुठल्या वर्षापासूनची रेषा धरायची ते त्यावरून ठरेल. मग जन्मगटाचा ग्राफ. जॉइनपॉइंट सगळ्यात शेवटी. आणि ते १९९९ वालं वाक्य आत्ताच खोड, नाहीतर तसंच सबमिट होईल.

गुरुवारपर्यंत नुसता तक्ता पाठवलास तरी चालेल, त्यावर फोनवर बोलू.

तुझी मॅडम