वाचकांचे प्रश्न : बळाचा वापर आणि दहशतवाद

प्रश्न : माझे पणजोबा साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या (इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारच्या) तुफान सेनेत होते. १९४३ साली शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटणाऱ्यांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवले, आम्ही त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. मग दहशतवादी कोण, हे जिंकणाराच ठरवतो का?
(एक विद्यार्थिनी, कुंडल, जि. सांगली)

उत्तर : नेमक्या याच प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांचे घोडे अडले आहे. दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्ये मांडला, पण तो अजून मंजूर झालेला नाही. परकीय सत्तेविरुद्धचा लढा व्याख्येतून वगळावा, असा काही देशांचा आग्रह आहे, आणि सरकारी सैन्याच्या कृत्यांचे काय, यावरही एकमत होत नाही.

म्हणून सर्व अंधारच आहे, असे मात्र नाही. दहशतवादाला पैसा पुरवण्याविरुद्धचा १९९९ चा करार सांगतो की, लोकांमध्ये भीती पसरवण्यासाठी किंवा एखाद्या सरकारला काही करण्यास अथवा न करण्यास भाग पाडण्यासाठी, सामान्य नागरिकाला किंवा लढाईत भाग न घेणाऱ्या कोणालाही ठार अथवा गंभीर जखमी करण्याच्या हेतूने केलेल्या कृत्याला पैसा पुरवणे हा गुन्हा आहे. सुरक्षा परिषदेच्या २००४ च्या १५६६ क्रमांकाच्या ठरावाने अशा कृत्यांना राजकीय, वैचारिक, वांशिक वा धार्मिक असे कोणतेच कारण समर्थनीय ठरवू शकत नाही, असे स्पष्ट केले. हेतू पवित्र होता का, झेंडा कोणता होता, शेवटी कोण जिंकले, हे ही मोजपट्टी विचारत नाही. बंदूक कोणावर रोखली होती आणि ती भीती पसरवण्यासाठी किंवा सरकारला भाग पाडण्यासाठी होती का, एवढेच ती पाहते.

ती पट्टी तुमच्या पणजोबांच्या काळाला लावून पाहा. शेणोलीला निशाणा होता तो राजवटीचा पैसा. गाडीतली माणसे मारून मुलखात दहशत बसवणे हा बेत नव्हता, आणि माझ्या मते हा फरक निर्णायक आहे. मात्र प्रतिसरकारच्या काळात तळपायांवर फटके देण्याच्या ज्या शिक्षा झाल्या, त्यांतली प्रत्येक न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. आदर बाळगूनही आपल्या माणसांविषयी असे प्रश्न विचारता येतात, आणि ते विचारलेच पाहिजेत.

प्रश्न : पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली, त्यानंतर ७ मे २०२५ ला आपण सीमेपलीकडे मारा केला. शत्रू घरात शिरून मारतो, तेव्हा उत्तर देताना कायद्याचे पुस्तक कशाला उघडायचे?
(निवृत्त सुभेदार, अपशिंगे मिलिटरी, जि. सातारा)

उत्तर : सुभेदारसाहेब, आपल्या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धातून परतले नाहीत. ते गेले त्या काळी युद्ध पुकारणे हा राज्यांचा हक्कच समजला जाई. दुसरे महायुद्ध भोगल्यावर, १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने दुसऱ्या देशावर बळ वापरण्यास आणि तशी धमकी देण्यासही बंदी घातली (कलम २, उपकलम ४). तिला दोनच दारे ठेवली : सुरक्षा परिषदेची परवानगी आणि कलम ५१ मधला स्वसंरक्षणाचा हक्क. तो हक्क बजावल्यास परिषदेला लगेच कळवावे लागते, आणि मारा गरजेपुरता व प्रमाणात असावा लागतो.

अडचण पुढेच आहे. हल्ला दुसऱ्या देशाच्या सैन्याने नव्हे, तर तिथे पोसलेल्या टोळीने केला तर? निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध नेलेल्या खटल्यात १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की, एखाद्या देशाने सशस्त्र टोळ्या धाडून मोठा हल्ला घडवला तर तो सशस्त्र हल्ला ठरू शकतो. नुसती शस्त्रे पुरवणे हे बेकायदा असले तरी तेवढ्याने स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर सुरक्षा परिषदेने १३६८ क्रमांकाच्या ठरावात दहशतवादी हल्ल्याच्या संदर्भातच स्वसंरक्षणाचा उल्लेख केला, तेव्हापासून अनेक देशांची भूमिका सैल झाली. तरी कायदेपंडितांतला वाद मिटलेला नाही. ७ मे रोजी भारताने आपली कारवाई मोजकी, प्रमाणशीर आणि संघर्ष न वाढवणारी असल्याचे सांगितले. हे शब्द कायद्याच्या याच भाषेतून आलेले आहेत. उद्या आपल्यावर कोणी हल्ला केला, तर त्यालाही हीच कसोटी लावण्याचा हक्क आपल्याकडे उरावा, म्हणून आपण स्वतः तिच्यात बसणे मला मोलाचे वाटते.

आणि त्या कसोटीत पहिला प्रश्न पुराव्याचा असतो : माणसे कोणी धाडली? आपल्याच जिल्ह्यातल्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबला सामोरे गेले, तेव्हा त्यांच्या हातात केवळ लाठी होती. त्यांनी त्याच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या पोटात शिरत असतानाही ती सोडली नाही. त्यामुळे कसाब जिवंत सापडला. तो कुठून आला, कोणी शिकवून पाठवला, हे भरल्या न्यायालयात नोंदले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याची फाशी कायम केली. दहाही हल्लेखोर त्या हल्ल्यातच मेले असते, तर त्यांना पाठवणाऱ्यांना हात झटकणे किती सोपे गेले असते, याचा आपणच विचार करावा.