वाचकांचे प्रश्न : सारा तांदळात की चांदीत?

प्रश्न : तोकुगावा शोगुनांच्या (लष्करी शासकांच्या) काळात, 1603 ते 1868, जपानमध्ये शेतसारा मुख्यतः तांदळात घेत, तर मिंग (1368 ते 1644) आणि नंतरच्या चिंग (1912 पर्यंत) राजवटीत चीनमध्ये तो बहुतांशी चांदीत भरावा लागे. शेतकऱ्याला जाच कुठे जास्त? आणि जपानमध्ये पीक वाढत असताना सामुराई (योद्धे) कर्जबाजारी का झाले?

उत्तर : धान्याची रोकड कोणी करायची, हे आधी पाहा. भाव पडला की तोटा त्याच्याच गळ्यात येतो.

चीनमध्ये ते काम शेतकऱ्यावर आलं. 1572 ते 1582 या काळात मिंग दरबाराची सूत्रं झांग जूझंग यांच्याकडे होती. त्यांनी जमिनीची नव्याने मोजणी करवली आणि 1581 पासून ‘एक चाबूक’ पद्धत देशभर लावली. सारा, वेठ आणि किरकोळ पट्ट्या यांची मिळून एकच रक्कम, तीही चांदीत. वेठीला जाण्यातून बरीच सुटका झाली, हा लाभ खरा. पण भरण्याची मुदत आली की सगळेच धान्य विकायला काढत आणि भाव कोसळे. शिवाय रोजचा व्यवहार तांब्याच्या नाण्यांत, त्यामुळे धान्याचं तांबं आणि तांब्याची चांदी करताना दोनदा बट्टा बसे.

खरी मेख पुढे होती. सरकार चांदीची नाणी पाडत नसे. लोकांनी आणलेले तुकडे आटवून लगड करताना घट येते, ती भरून काढायला जादा चांदी घेत. तिला ‘हुओहाओ’ म्हणजे आगीतली घट म्हणत. प्रत्यक्ष घट शेकडा एक-दोन, वसुली अनेक ठिकाणी दहा-वीस. याचं कारण नुसता लोभ नव्हे. चिंग काळात तालुक्याच्या अधिकाऱ्याचा वर्षाचा पगार होता 45 ल्यांग (एक ल्यांग सुमारे 37 ग्रॅम चांदी), आणि कचेरीचा बराचसा खर्च त्यालाच उभा करावा लागे. योंगझंग सम्राटाने 1724 मध्ये ही वसुली उघड करून प्रांताच्या खजिन्यात जमा करायला लावली आणि तीतूनच अधिकाऱ्यांना मूळ पगाराच्या कितीतरी पट ‘सचोटी-भत्ता’ दिला. चोरवाट बंद करायची तर आधी खर्चाची सोय लावावी लागते, हे त्याने अचूक ओळखलं.

जपानमध्ये रोकड करण्याचं काम सामुराई आणि दाइम्यो (संस्थानिक) यांच्याकडे गेलं. शंभर कोकूची (कोकू हे तांदळाचं माप) जहागीर म्हणजे साऱ्यापोटी हाती साधारण 35 ते 40 कोकू. घरी खायला लागेल तेवढा तांदूळ ठेवून बाकीचा विकायचा, कारण कापड, तेल, नोकरांचा पगार सगळं रोखीने. त्यातच 1635 च्या नियमाने दाइम्योंना आळीपाळीने शोगुनच्या राजधानीत, एदोत (आजचं टोकियो), राहणं सक्तीचं झालं, म्हणजे दोन घरांचा खर्च आणि लवाजम्यासह प्रवास. उत्पादन वाढलं तसा तांदूळ स्वस्त झाला, बाकीच्या जिनसा मात्र महागच राहिल्या. पुढच्या हंगामाचा तांदूळ तारण ठेवून व्यापाऱ्यांकडून उचल घेण्याची सवय लागली ती यातूनच.

आठवे शोगुन योशिमुने यांनी 1730 मध्ये ओसाकाच्या दोजिमा तांदूळबाजाराला मान्यता दिली, ती भाव सावरावा म्हणून. दोनच वर्षांनी पश्चिमेकडे किडीने पीक बुडालं, भाव भडकले आणि 1733 मध्ये एदोत तांदूळ व्यापाऱ्याचं घर लोकांनी फोडलं. पुढे तांदूळ पुन्हा उतरला, तेव्हा 1736 मध्ये त्यांनी हिणकस नाणी काढली. भाव वर आले.

जपानी शेतकरी सुखी होता असं मात्र समजू नका. सारा अख्ख्या गावावर बसे, एकाने बुडवला की इतरांनी भरायचा.

प्रश्न : दहा हजार कोकूचा दाइम्यो म्हणजे त्याचं उत्पन्न तेवढं का?

उत्तर : नाही. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर, वजनाने अंदाजे 150 किलो तांदूळ. तोकुगावांच्या आधीचे सत्ताधीश हिदेयोशी यांनी 1582 पासून केलेल्या मोजणीत शेताची प्रत ठरवून अपेक्षित पीक लिहिलं जाई. चांगल्या भातखाचराला एका तानमागे (सुमारे दहा गुंठे) दीड कोकू, मध्यमला 1.3, हलक्याला 1.1. कोरडवाहू जमीन आणि घराची जागाही तांदळातच मांडत. हा आकडा म्हणजे दर्जा. उत्तरेच्या मात्सुमाए संस्थानात तर भात पिकतच नव्हतं, तरी त्याचा दर्जा दहा हजार कोकूंचा. उत्पन्न यायचं ते तिथल्या मूळच्या ऐनू लोकांशी चालणाऱ्या व्यापारातून.