मुरमाच्या खाणीशेजारी घर असेल तर आधी काय बघायचं

अरे, खाणीचा कडा टिकेल का हे तपासायच्या सॉफ्टवेअरच्या नादी आत्ताच लागू नकोस, टेप घेऊन साइटवर जा. खाणीची खोली आणि तळापासून घराच्या पायापर्यंतचं आडवं अंतर मोज, सुटा मुरूम साधारण 35 अंशांच्या आसपासच्या उतारालाच टिकतो म्हणजे 6 मीटर खोल खड्ड्याला आडवा 9 मीटर तरी उतार लागतो आणि घर त्याच्याही बरंच मागे हवं. नवीन पोरं हमखास फसतात ती उन्हाळ्यात, कोरडा कडा उभा दिसतो म्हणून पक्का समजतात आणि मोठ्या पावसात तोच ढासळतो. काठाला समांतर भेग दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर लिहून ठेव, वाढतंय म्हटलं की जेसीबी बंद. काठावर डंपर, मातीचे ढीग नकोत (हे कुणी ऐकत नाही). बाकी हिशोब जिओटेकवाल्याकडे (माती-पाया तपासणारा इंजिनिअर).