उरलेला तुकडा रिसर्चला द्यायचा का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे, गोळ्या नियमित चालू आहेत. मानेतली गाठ काढली तर रिपोर्ट लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा आला. आता डॉक्टर म्हणतात, तपासून उरलेला भाग टिश्यू बँकेत (असे तुकडे जपून ठेवतात तिथे) रिसर्चसाठी ठेवू द्या, फॉर्मवर सही करा. भाऊ तयार आहे पण माझाच जीव घाबरतोय. अजून कापतील का? नाव बाहेर फुटेल का? आणि त्याला काय फायदा?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते कारण तिथे कोणी गोडगोड बोलून फसवू नये, तुमच्या भावाला थेट फायदा बहुतेक काहीच नाही, त्याची ट्रीटमेंट सही केली काय नाही केली काय तीच राहणार, आणि नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

अजून कापण्याचं म्हणाल तर "उरलेला भाग" असं फॉर्मवर लिहिलं असेल तर वेगळं काही कापत नाहीत. गाठ आधीच फॉर्मॅलिनमध्ये (कुजू न देणाऱ्या द्रावणात) ठेवून मग मेणात बसवलेली असते, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, बोटाच्या पेराएवढा असतो. त्याचे तीन-चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर रिबिनीसारखे तरंगतात आणि तिथून अलगद काचेवर उचलायचे. मी वर्षानुवर्षं हे काम केलंय, एका ब्लॉकमधून कितीतरी काप निघतात, आणि रिपोर्ट झाल्यावर तो बिचारा कपाटात पडून राहतो. काही ताजे तुकडे मात्र लगेच गोठवावे लागतात, उणे ८० डिग्रीला नाहीतर लिक्विड नायट्रोजनमध्ये, कारण आरएनए (पेशीत डीएनएचा निरोप पोचवणारा रेणू) फार लवकर खराब होतो. जास्तीचं रक्त किंवा वेगळी बायोप्सी हवी असेल तर ते फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं असायला हवं, ते नक्की वाचा.

हे सगळं कशासाठी, तर १९९४ सालचं सांगते. कापोसी सार्कोमा हा एड्सच्या पेशंटमध्ये दिसणारा कॅन्सर कशाने होतो ते तोपर्यंत कळत नव्हतं. युआन चांग आणि पॅट्रिक मूर या अमेरिकेतल्या संशोधक जोडप्याने एकाच पेशंटचे दोन तुकडे घेतले, एक गाठीतला आणि एक चांगल्या भागातला, दोघांचा डीएनए ताडून पाहिला आणि गाठीत जास्तीचं काय आहे ते शोधलं तर एक नवीनच हर्पिस व्हायरस निघाला! मग इतर पेशंटच्या साठवलेल्या नमुन्यांत बघितलं तर एड्स असलेल्यांच्या ९० टक्क्यांहून जास्त कापोसी गाठींत तो सापडला. कोणीतरी तो तुकडा जपला होता म्हणून हे झालं, मला अजूनही हे सांगताना भरून येतं. त्याच वर्षी अमेरिकेत नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या पैशातून अशा कॅन्सरसाठी खास बँक सुरू झाली, ती संशोधकांना नमुने फुकट देते. लिम्फोमाचंही तसंच आहे, एचआयव्ही असलेल्यांच्या काही लिम्फोमात एपस्टाइन-बार नावाचा, हर्पिसच्याच घराण्यातला व्हायरस असतो, काहींत नसतो, आणि हा फरक समजायला एक-दोन नाही, खूप पेशंटच्या गाठी लागतात.

आता नावाचं. नमुन्यावर नाव नसतं, कोड असतो, आणि कोड कोणाचा ही यादी संशोधकाच्या हातात देत नाहीत. पण वय, सीडी४ (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या संरक्षक पेशी) किती होते, गोळ्या कधी सुरू केल्या ही माहिती सोबत जाते कारण त्याशिवाय नुसता मांसाचा तुकडा निम्मा मुका असतो. डीएनएची तपासणी होणार असेल तर ओळख पटायची शक्यता अगदी शून्य असं मी म्हणणार नाही, खूप कमी असते. तुमची भीती खोटी नाहीये, एचआयव्हीचं नाव फुटलं की माणसाला काय सोसावं लागतं ते मी पाहिलंय, म्हणून यादी कोणाकडे राहते हे सही करण्याआधी विचारा. नंतर मन बदललं तर उरलेला नमुना काढून घेता येतो, पण जो आधीच वाटला गेलाय तो परत येत नाही.

आणि सही भावाचीच हवी, तुमची नको. फक्त एवढं विचारून घ्या की पुढे त्याच्याच ट्रीटमेंटसाठी परत टेस्ट करावी लागली तर पुरेल एवढा ब्लॉक राखून ठेवणार ना, गाठ लहान असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.