प्रश्न तुमचे: चंदगडची काडतुसे

प्रश्न: आमचं शेत कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात. भात पोसवलं की गवे उतरतात. वडिलांकडे परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगडचे मेहुणे त्यांच्या परवान्यावरची थोडी काडतुसे देतो म्हणतात. आणू का?

उत्तर: नको, दादा. आपल्या सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, पण काडतूस म्हणजे घरचा तांदूळ नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक जवळ नसली तरी विनापरवाना काडतूस बाळगणं हाच गुन्हा, त्यात तुरुंगवास आहे. तपासणी नाक्यावर नातं सांगून सुटका होत नाही.

वडिलांचा परवाना उघडून बघा. एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतात, ते त्यावर लिहिलेलं असतं. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करा. परवान्याची हद्द कर्नाटकापुरती असेल, तर बंदूक चंदगडला नेऊ नका.

मला खरी काळजी गव्याची वाटते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे; पिकासाठीचा परवाना असला तरी त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. नुकसानीचे फोटो आणि शेताचा उतारा घेऊन वनखात्याकडे भरपाईचा अर्ज लगेच द्या, पोच घ्या.